विद्या फुकट, मुभा महाग

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चार वाजायला काही मिनिटं असताना, लातूर आणि धाराशिव (तेव्हाचा उस्मानाबाद) जिल्ह्यांच्या सीमेवरची गावं कोसळली. सरकारी मोजणीनुसार जवळपास आठ हजार माणसं गेली, जखमी त्याच्या दुप्पट होते. जगभर नाव झालं ते किल्लारीचं. पण धाराशिवच्या बाजूला सास्तूर, होळी, राजेगाव या गावांचीही तीच गत झाली होती. घरं माळवदाची. दगडमातीच्या रुंद भिंती, वर लाकडं आणि त्यावर वर्षानुवर्षं चढत गेलेला मातीचा थर. ऊन अडवणारी ही माती त्या पहाटे माणसांच्या नाकातोंडात गेली. सैन्य, डॉक्टरांची पथकं, मुंबई-पुण्याहून आलेली मदत हे सगळं नंतरचं. पहिल्या काही तासांत ढिगारा उपसणारे हात शेजाऱ्यांचे होते, आणि जगातल्या बहुतेक भूकंपांत जिवंत निघालेली माणसं शेजाऱ्यांनीच काढलेली असतात. त्या हातांना काय माहीत असायला हवं होतं? तोंडातली माती आधी काढायची, मान न वळवता माणूस उचलायचा, वाहतं रक्त फडकं दाबून थांबवायचं, मोडलेला पाय काठीला बांधायचा. आणि एक कमी माहीत असलेली गोष्ट: ज्याचा पाय तासन्‌तास दगडाखाली चिरडला गेला आहे तो बाहेर आल्यावर बोलतो, पाणी मागतो, पण चिरडलेल्या स्नायूंतलं विष रक्तात उतरून पुढच्या काही दिवसांत त्याची मूत्रपिंडं बंद पडू शकतात.

ही शेवटची गोष्ट १९९३ साली नवी नव्हती. जर्मन बॉम्बफेकीत लंडनच्या घरांखाली सापडलेल्या माणसांवरून बायवॉटर्स आणि बील या डॉक्टरांनी ती १९४१ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये लिहून ठेवली होती. तोंडाने श्वास देण्याची पद्धत १९५० च्या दशकात पक्की झाली; छातीवर दाब देऊन थांबलेलं हृदय चालतं ठेवण्याचं तंत्र १९६० साली प्रसिद्ध झालं. यांतल्या कशावरही पेटंट नव्हतं. एकशेचाळीस शब्दांत मावेल अशी ही विद्या सोलापूर आणि अंबाजोगाईच्या वैद्यकीय महाविद्यालयांत पाठ्यपुस्तकांच्या पानांवर पडून होती. सोलापूर म्हणजे भूकंपाच्या पट्ट्यातल्या लोहारा-उमरग्याच्या माणसाचं नेहमीचं दवाखान्याचं गाव. तिथून इथवर एसटी येत होती, साखर येत होती, वर्तमानपत्रही येत होतं. विद्या मात्र आली नव्हती. ती महाग होती म्हणून अडली, असं म्हणता येत नाही.

आपत्कालीन वैद्यकाच्या मोफत साधनांचा इतिहास आज सांगितला जातो तो इंटरनेटपासून. जून २०१२ मध्ये डब्लिनला जागतिक परिषद भरली असताना माइक कॅडोगन या ऑस्ट्रेलियात काम करणाऱ्या डॉक्टरने एका पबमध्ये, गिनेसच्या ग्लासासमोर बसून, ‘फोम’ हे नाव सुचवलं: सर्वांना खुलं, मोफत वैद्यकीय शिक्षण. त्याच्या आधीपासून ‘लाइफ इन द फास्ट लेन’ आणि ‘ईएमक्रिट’सारखी स्थळं चालू होतीच. अतिदक्षता विभागातला तरुण डॉक्टर रात्रपाळीत ती ऐकू-वाचू लागला आणि पाठ्यपुस्तकाच्या पुढच्या आवृत्तीची वाट पाहण्याचे दिवस संपले. ही मोठी गोष्ट आहे. पण या कथेच्या पोटात एक गृहीतक आहे, की ज्ञानावरचं कुलूप किमतीचं होतं, आणि किंमत शून्य झाली की दार उघडतं. धाराशिव आणि त्याच्या आसपासच्या मुलखाचा गेल्या पन्नास वर्षांचा इतिहास ते गृहीतक मोडून काढतो. इथे आणीबाणीच्या वैद्यकाला दोन गोष्टी लागल्या: ते वापरायची मुभा, आणि वापरणाऱ्याच्या चुका नियमाने तपासणारा कोणीतरी. जिथे दोन्ही होत्या तिथे छापील पुस्तकाशिवायही जीव वाचले. जिथे नव्हत्या तिथे फुकटचं पुस्तक घरात असूनही कामाला आलं नाही.

फुकटच्या पुस्तकाचा प्रयोग सरकारने फार आधी करून पाहिला आहे. २ ऑक्टोबर १९७७ ला जनता सरकारने गावोगावच्या आरोग्यरक्षकांची योजना सुरू केली. हजार वस्तीमागे एक माणूस, प्राथमिक आरोग्य केंद्रात तीन महिन्यांचं प्रशिक्षण, हातात एक मार्गदर्शिका आणि औषधांची पेटी, महिना पन्नास रुपये मानधन. मार्गदर्शिकेत प्रथमोपचार होते. कागदावर पाहिलं तर १९९३ च्या भूकंपाला ज्या माणसाची गरज होती तो सोळा वर्षं आधीच नेमला गेला होता. पण निवडले गेले ते बहुतेक पुरुष, आणि पुष्कळ ठिकाणी गावपुढाऱ्यांच्या मर्जीतले. प्रशिक्षण एकदा झालं की पुन्हा कोणी विचारत नसे, पेटी रिकामी झाली की रिकामीच राही. डॉक्टरांच्या संघटनांना ही माणसं म्हणजे सरकारमान्य भोंदू वाटत, आणि पेटीतल्या चार गोळ्यांपलीकडे त्यांनी काही करावं अशी आरोग्य खात्याचीही अपेक्षा नव्हती. योजना रीतसर बुडाली नाही. ती विरून गेली.

जवळजवळ त्याच काळात, भूम तालुक्याला लागून असलेल्या जामखेडला दुसरा प्रयोग चालला होता. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये तिथे काम सुरू केलं आणि गावांनी निवडलेल्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून घडवलं. त्यांतल्या अनेकींना लिहिता-वाचता येत नव्हतं, अनेक जणी दलित वस्तीतल्या होत्या. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला तेव्हा देशभर लोकांनी कौतुक केलं ते या बायकांच्या निवडीचं. माझ्या मते अधिक महत्त्वाची गोष्ट दुसरी होती. या बायका दर आठवड्याला जामखेडला जमत. गेल्या आठवड्यात कोण दगावलं, कोणाचा ताप उतरला नाही, बाळंतपण कुठे अडलं, हे सांगत, आणि पुढचा धडा त्यातूनच निघे. सरकारी आरोग्यरक्षकाला पुस्तक मिळालं आणि शिक्षक गेला. जामखेडच्या बाईला पुस्तक मिळालं नाही, शिक्षक मात्र वर्षानुवर्षं राहिला. निरक्षर बाई आणीबाणी ओळखायला शिकते की नाही हा प्रश्न तिथे सुटला. तिच्या साक्षरतेपेक्षा तिच्या आठवडी वर्गाने तो सोडवला.

धाराशिवचा स्वतःचा धागा अणदूरपासून निघतो. सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर, नळदुर्गजवळचं तुळजापूर तालुक्यातलं हे गाव. औरंगाबादच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात विद्यार्थ्यांचं एक अभ्यासमंडळ होतं, ‘हेल्थ अँड ऑटो लर्निंग ऑर्गनायझेशन’, थोडक्यात हॅलो. त्या मंडळातून निघालेल्या डॉ. शशिकांत अहंकारी यांनी डॉ. शुभांगी अहंकारी यांच्या बरोबर अणदूरला हॅलो मेडिकल फाउंडेशन उभं केलं. खेड्यातल्या बायकांना त्यांनी ‘भारतवैद्य’ म्हणून तयार केलं. ज्यांच्या वाट्याला घर आणि शेत यांपलीकडे काही येत नव्हतं अशा या बायका ताप, जुलाब, न्यूमोनिया, अडलेलं बाळंतपण ओळखू लागल्या. भूकंपाने उद्ध्वस्त झालेल्या गावांजवळच हे काम वाढलं, ही गोष्ट दुर्लक्षून चालणार नाही. एका रात्रीत सगळ्यांना दिसलं होतं की दवाखाना तीस-चाळीस किलोमीटरवर असतो आणि मरण उंबऱ्यात असतं. भूकंप रोज होत नाही. पण गुदमरलेलं नवजात बाळ हा त्याच जातीचा प्रसंग, आणि तो कुठल्या ना कुठल्या घरात रोज घडतो.

नवजात बाळाकडेच वळू या, कारण मुभेचा प्रश्न तिथे सगळ्यात स्वच्छ दिसतो. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने ३९ गावांत आरोग्यदूत स्त्रियांना शिकवलं: जन्मतः न रडलेल्या बाळाला श्वास कसा द्यायचा, जंतुसंसर्ग कोणत्या लक्षणांवरून ओळखायचा आणि जेंटामायसिनचं इंजेक्शन कसं द्यायचं. डिसेंबर १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने त्याचे निष्कर्ष छापले. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी खाली आला होता. जंतुसंसर्ग झालेल्या बाळांपैकी आधी १६.६ टक्के दगावत, आरोग्यदूतांनी उपचार सुरू केल्यावर २.८ टक्के. यावर पहिली शंका हीच आली, की हे बंगांच्या गडचिरोलीत जमलं, इतरत्र जमणार नाही. ती खोडण्यासाठी २००१ पासून ‘अंकुर’ प्रकल्पात महाराष्ट्रातल्या सात संस्थांनी तेच काम आपापल्या भागात केलं. अणदूरची हॅलो त्यांतली एक. तिथेही नवजात मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. म्हणजे आदिवासी जंगलातली विद्या तुळजापूरच्या माळरानावर उतरली होती, आणि ती उतरवणाऱ्या बायका दहावीच्या आतबाहेर शिकलेल्या होत्या.

एवढं सिद्ध झाल्यावर काय झालं ते पाहण्यासारखं आहे. भारत सरकारने घरोघरी नवजात काळजीची पद्धत २०११ मध्ये देशभरच्या आशांकडे, म्हणजे गावपातळीवरच्या आरोग्य कार्यकर्त्यांकडे, दिली. इंजेक्शन मात्र त्यातून वगळलं. संशयित जंतुसंसर्गावर जेंटामायसिन द्यायची मुभा २०१४ मध्ये मिळाली ती एएनएमला (उपकेंद्रातल्या परिचारिकेला), आशाला नव्हे. ‘लॅन्सेट’मधला लेख आणि ही मुभा यांच्यात पंधरा वर्षं गेली. या पंधरा वर्षांत कोणाकडे माहिती नव्हती असं झालं नाही, औषध स्वस्त होतं, पद्धत लिहून ठेवलेली होती. अडलं ते एकाच ठिकाणी: ही सुई कोणी धरावी.

इथे आक्षेप येतो आणि तो हलका नाही. अर्धवट शिकलेल्या माणसाच्या हातात सुई देणं म्हणजे गावोगावच्या भोंदू डॉक्टरांना परवाना देणं नाही का? मराठवाड्यात सलाइन लावून पैसे उकळणाऱ्यांची कमी कधीच नव्हती. मी हा आक्षेप मानतो, पण त्यातला रोख बदलून. भोंदू डॉक्टर आणि आरोग्यदूत यांच्यात फरक ज्ञानाच्या मापाचा नसतो. कधीकधी भोंदूला औषधांची नावं जास्त पाठ असतात. फरक असा, की भोंदूच्या चुका कोणी मोजत नाही, आणि आरोग्यदूताच्या प्रत्येक बाळाची नोंद वरचा डॉक्टर येऊन पडताळतो. ‘सर्च’च्या कामातला हा नोंद-तपासणीचा भाग काढून टाकला तर आक्षेप घेणारे बरोबर ठरतील. १९७७ च्या योजनेने तेच दाखवलं होतं.

दुसरं उदाहरण डॉक्टरांच्याच जगातलं आहे, म्हणून मुभेचा प्रश्न केवळ कमी शिकलेल्यांचा नाही हे कळतं. जालना जिल्ह्यात जन्मलेले डॉ. हिंमतराव बावस्कर कोकणात महाडजवळ प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करत होते. लाल विंचवाच्या दंशाने तिथे धडधाकट माणसं आणि मुलं फुप्फुसात पाणी साचून मरत. रुग्णाच्या उशाशी बसून त्यांनी लक्षणांचा क्रम नोंदवला आणि रक्तदाबावरची प्राझोसिन ही साधी गोळी वेळेवर दिली तर हृदय सावरतं हे दाखवलं. १९८६ मध्ये ते ‘लॅन्सेट’मध्ये आलं. प्राझोसिनपूर्वी गंभीर दंशाच्या रुग्णांपैकी पंचवीस ते तीस टक्के मरत, नंतर हे प्रमाण एका टक्क्याच्या आसपास उतरलं. आता गंमत पाहा: तो अंक मराठवाड्यातल्या किती आरोग्य केंद्रांत पोचला असेल? नियतकालिक विकत घेणं परवडणारं नव्हतं, हे खरंच. इथे किमतीचं कुलूप होतं, ते मी नाकारत नाही. तरी ही गोळी पसरली, कारण एमबीबीएस डॉक्टरला ती लिहून देण्याची मुभा आधीपासून होती आणि सांगणारा माणूस स्वतः रुग्ण तपासणारा होता. जिथे मुभा असते तिथे महाग कागदावरची विद्यासुद्धा तोंडोतोंडी वाट काढते.

इंटरनेट आल्यावर कागद स्वस्त झाला. मराठीत डॉ. श्याम अष्टेकर यांनी ‘भारतवैद्यक’ या ग्रंथात खेड्यातल्या आरोग्यसेवकाला लागेल ते सगळं लिहिलं होतंच, पुढे ‘आरोग्यविद्या’ या नावाने ते संगणकावर मोफत खुलं झालं. माझ्या मते डब्लिनच्या त्या नावापेक्षा आपल्याकडे याचं मोल अधिक आहे, कारण इंग्रजीतली बहुतेक मोफत साधनं ज्याच्या मागे सीटी स्कॅन, व्हेंटिलेटर आणि रक्तपेढी उभी आहे अशा डॉक्टरसाठी लिहिलेली असतात. परंड्याच्या सरकारी रुग्णालयातल्या वैद्यकीय अधिकाऱ्याला ती वाचता येतात, पण त्याच्यासमोरचा प्रश्न वेगळा असतो: या रुग्णाला इथे ठेवू की सोलापूरला पाठवू, आणि पाठवायचं तर वाटेत काय चालू ठेवू? २०१४ च्या जानेवारीत राज्यात १०८ क्रमांकाच्या ९३७ रुग्णवाहिका सुरू झाल्या तेव्हा वाटेचा प्रश्न निम्मा सुटला. या गाड्यांत डॉक्टर असतो, आणि तो पुष्कळदा बीएएमएस असतो. ज्या देशात नवजाताच्या सुईसाठी पंधरा वर्षं घासाघीस झाली त्याच देशातल्या या राज्यात धावत्या गाडीतल्या अत्यवस्थ माणसाची जबाबदारी आयुर्वेदाच्या पदवीधराकडे निमूटपणे गेली. मी त्याला दोष देत नाही. गरज पडली की मुभा कशी झटकन सापडते, एवढंच त्यातून दिसतं. रस्त्यावरच्या बघ्याचंही तसंच झालं. अपघातातल्या माणसाला उचलणाऱ्याला पोलिसांनी छळू नये ही मार्गदर्शक तत्त्वं सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये बंधनकारक केली. त्याआधी हैदराबाद रस्त्यावरच्या एखाद्या ट्रकचालकाला प्रथमोपचार येत असते तरी त्याने गाडी थांबवली असती का, याची शंकाच आहे.

मग कोविड आला आणि मोफत विद्येची खरी परीक्षा झाली. २०२० च्या एप्रिलपासून केंद्र सरकारचे दीक्षा मंचावरचे धडे, जागतिक आरोग्य संघटनेचे अभ्यासक्रम, व्हेंटिलेटर कसा चालवावा यावरचे हार्वर्डचे मोफत वर्ग, राज्याच्या कृतिदलाच्या सूचना, हे सगळं फोनवर आलं. भूलतज्ज्ञ नसलेल्या डॉक्टरांनी ऑक्सिजन कसा वाढवायचा, रुग्णाला पालथं कसं झोपवायचं हे महिन्याभरात शिकून घेतलं. ही साधनं नसती तर जिल्ह्याजिल्ह्यातली मृत्यूची संख्या अधिक भीषण असती, असं मला वाटतं. पण त्याच वाटेने एक अर्धवट वाक्यही आलं. १६ जून २०२० ला ब्रिटनमधल्या ‘रिकव्हरी’ चाचणीचा निष्कर्ष जाहीर झाला: डेक्सामेथासोनमुळे व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू एक तृतीयांशाने आणि ऑक्सिजनवरच्यांचे एक पंचमांशाने कमी होतात. याच निष्कर्षात पुढे होतं, की ज्यांना ऑक्सिजन लागत नाही त्यांना फायदा नाही, उलट अपाय संभवतो. फोनवरून फिरताना पहिलं वाक्य राहिलं, दुसरं गळलं. डोस सहा मिलिग्रॅम, जास्तीत जास्त दहा दिवस, हेही गळलं. दुसऱ्या लाटेत घरी बसलेल्या, साध्या तापाच्या, अनेकदा मधुमेही रुग्णांनाही भरमसाट स्टेरॉइड दिली गेली, आणि काळ्या बुरशीची साथ आली. जून २०२१ अखेर देशात चाळीस हजारांवर रुग्ण नोंदले गेले होते, आणि सर्वाधिक फटका बसलेल्या राज्यांत महाराष्ट्र होता. साथीला स्टेरॉइड हे एकच कारण नव्हतं. मधुमेह हेही मोठं कारण होतं. तरी यातून मोफत विद्येच्या विरोधकांना दाखला मिळाला, की बघा, सगळ्यांना सगळं वाचायला दिलं की असं होतं.

मला हा दाखला उलट दिशेने वाचावासा वाटतो. इथे चूक करणारे बहुतेक परवानाधारक डॉक्टर होते. मुभा त्यांच्याकडे पुरेपूर होती, माहितीही होती. नव्हतं ते जामखेडच्या वर्गातलं किंवा ‘अंकुर’च्या नोंदवहीतलं माणूस, जे दर आठवड्याला विचारतं: किती जणांना दिलं, किती दिवस, त्यांचं काय झालं? मूळ चाचणी वाचायला खुली होती. कोणी ती लपवली नव्हती. मजकूर खुला करणं हे काम संकेतस्थळ चोख करतं, वापरणाऱ्याला जाब विचारणं त्याच्या कक्षेत येत नाही. निरक्षर आरोग्यसेविकेच्या बाबतीत ज्या पडताळ्याचा आग्रह वैद्यक व्यवसायाने धरला तोच स्वतःच्या बाबतीत धरला नाही, हे त्या साथीतलं मला सगळ्यात बोचणारं सत्य वाटतं.

धाराशिवला २०२२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. लोहारा-उमरग्याच्या रुग्णाचा सोलापूरचा रस्ता त्यामुळे काही अंशी तरी सुटेल. आपत्कालीन वैद्यक ही स्वतंत्र शाखा म्हणून देशात २००९ मध्ये मान्य झाली. पण २०२३ मध्ये नव्या महाविद्यालयांसाठीच्या नियमांचा मसुदा आला तेव्हा आवश्यक विभागांच्या यादीतून तोच विभाग वगळल्यावरून डॉक्टरांत वाद झाला. विभाग कागदावर असो वा नसो, जिल्ह्याला आता एक इमारत, शिक्षक आणि विद्यार्थी मिळाले आहेत, जे १९९३ साली नव्हते. तिथल्या निवासी डॉक्टरांना मोफत इंग्रजी साधनं कोणी शोधून द्यायची गरज नाही. ती त्यांच्या खिशातच आहेत. करण्यासारखं काम त्याच्या पुढचं आहे. १०८ च्या गाडीतला डॉक्टर, परंड्याचा वैद्यकीय अधिकारी, लोहाऱ्याची आशा यांना आठवड्यातून एकदा, फोनवर का होईना, त्या इमारतीशी जोडायचं, गेल्या आठवड्यात पाठवलेले रुग्ण पोचले का, वाटेत काय दिलं, कोण वाचलं नाही, हे विचारायचं आणि उत्तरं वहीत उतरवून पुढच्या आठवड्याचा धडा त्यातून काढायचा. यासाठी नवा कायदा लागत नाही आणि फारसा पैसाही लागत नाही. लागतो तो वेळापत्रकातला एक ठरलेला तास, आणि एक प्राध्यापक, ज्याच्या कामाच्या यादीत तो तास लिहिलेला असेल.